पात्यावरचा ठसा: रान साफ करण्याची जुनी अवजारे ओळखावीत कशी आणि त्यांचे मोल ठरते कसे

टेबलावर दोन लांब पाती शेजारी शेजारी ठेवली आहेत. दोन्हींची लांबी अठरा इंचांच्या आसपास, दोन्हींच्या मुठी काळ्या, दोन्हींवर गंजाचे तपकिरी ठिपके. जुन्या वस्तूंच्या लिलावात यांपैकी एकाला भंगारापेक्षा थोडी बरी किंमत येते आणि दुसऱ्यासाठी चार-पाच जण इरेला पेटून बोली वाढवत नेतात. पाहणाऱ्याला हे कोडेच वाटते, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही वस्तू म्हणजे झुडपे तोडण्याची जुनी पाती आहेत. घरातल्या माळ्यावर किंवा आजोबांच्या पेटीत असे एखादे अवजार सापडले की नेमका हाच प्रश्न उभा राहतो: हे काय आहे, कोणत्या काळचे आहे आणि याला काही मोल आहे का?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या अवजारावरच लिहिलेले असते. पात्याचा आकार, त्याच्या जाडीचा उतार, मुठीचे रिव्हेट (फळ्या पात्याला पक्क्या करणारे खिळे), एखादे अर्धवट पुसलेले अक्षर आणि गंजाखाली टिकून राहिलेला मूळ रंग हा सगळा पुरावा असतो. तो वाचायला शिकणे अवघड नाही. मात्र तो पुसून टाकणे त्याहूनही सोपे आहे आणि बहुतेक अवजारांचे मोल तसेच हरवते, म्हणून या लेखात साफसफाईचा विषय थोडा सविस्तर येईल.

रान साफ करण्याच्या अवजारांचे इतके प्रकार का?

झाड पाडणे आणि रान साफ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. झाडाचे खोड जागचे हलत नाही, त्यामुळे जड कुऱ्हाडीचा घाव त्यात रुततो. गवत, वेली आणि कोवळ्या फांद्या मात्र घाव बसताच वाकून बाजूला होतात. सैल लोंबणारी दोरी जड पण संथ घावाने तुटत नाही, तिला वेगाने फिरणारी पातळ धार लागते. झुडपांचेही तसेच आहे. म्हणून दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या उसाच्या शेतांत आणि जंगलांत लांब, पातळ आणि हलकी मॅशेटी रुजली. फिलिपिन्समध्ये टोकाकडे रुंद होत जाणारा बोलो आला, कारण तिथे त्याच अवजाराने बांबूसारखे टणक खोडही तोडावे लागे आणि वजन पुढे असले की घावाला जोर येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेताच्या जिवंत कुंपणांची छाटणी हे मोठे काम होते, म्हणून तिथे टोक आत वळलेला बिलहुक घडला. त्या आकड्याने फांदी आपल्याकडे ओढून घेता येते आणि त्याच ओढीत ती कापली जाते. हाच आकडा लांब लाकडी दांड्यावर बसवला की ब्रश हुक तयार होतो आणि तो दोन्ही हातांनी, उभ्याने चालवता येतो. नेपाळची कुकरी, मलय प्रदेशातील पारांग आणि इंडोनेशियाच्या बाजूचा गोलोक ही याच कुळातील भावंडे आहेत.

बिलहुकच्या बाबतीत हा स्थानिक फरक इतका बारीक आहे की जाणकार नुसती बाह्यरेषा पाहून प्रदेश सांगतात. यॉर्कशायरच्या नमुन्याला पाठीवरही सरळ धार असते आणि मूठ लांब असते, तर लँडाइलो, केंट, स्टॅफर्ड आणि लेस्टर या नमुन्यांची वळणे एकमेकांपासून वेगळी आहेत. म्हणून ओळख पटवताना पहिले काम हे की अवजार कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढावी आणि लांबी पाठीच्या बाजूने, मुठीपासून टोकापर्यंत मोजावी. धारेच्या बाजूची लांबी फसवते, कारण वारंवार धार लावून ती बाजू झिजलेली असते.

लष्करी अवजार वेगळे बनवलेले असते का?

बहुतेक लोकांची अशी समजूत असते की लष्करी वस्तू लष्करी कारखान्यात, लष्करासाठी वेगळी आखून बनवलेली असणार. काही अवजारांच्या बाबतीत ते खरे आहे. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेने १९०४ च्या नमुन्याची रुग्णसेवा दलाची सुरी आणि १९०९ च्या नमुन्याचा बोलो बनवला. त्यांवर शस्त्रशाळेची आद्याक्षरे आणि ज्वाळा निघणाऱ्या बॉम्बगोळ्याची खूण असते आणि १९०४ च्या सुरीवर अनुक्रमांकही असतो. पण युद्धकाळात लागणाऱ्या मोठ्या संख्येची अवजारे बहुधा त्याच खासगी कारखान्यांनी पुरवली जे शेतकऱ्यांसाठी आणि लाकूडतोड्यांसाठी आधीपासून माल काढत होते.

कॉलिन्स कंपनीचे उदाहरण या विषयात पुन्हा पुन्हा येते आणि ते योग्यच आहे. १८२६ मध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात सुरू झालेली ही कंपनी आधी कुऱ्हाडींसाठी नावाजली आणि पुढे मॅशेटीची जगातली एक मोठी उत्पादक झाली. लॅटिन अमेरिकेच्या प्रत्येक प्रदेशाला हवा तसा आकार ती बनवून देई, त्यामुळे तिच्या यादीत मॅशेटीचे शेकडो नमुने होते आणि प्रत्येक नमुन्याला क्रमांक होता. क्रमांक १८ हा त्यांतलाच एक, सुमारे नऊ इंच लांबीच्या आणि रुंद पात्याचा, नागरी बाजारासाठी आखलेला नमुना. पुढे हाच नमुना अमेरिकी वैमानिकांच्या आणीबाणीच्या संचात गेला आणि दुसऱ्या महायुद्धात कर्नल कार्लसन यांच्या मरीन रेडर या अमेरिकी छापामार तुकडीच्या हातीही पोहोचला. तुकडीच्या घोषणेवरून त्याला ‘गंग हो’ सुरी हे टोपणनावही मिळाले आणि आज संग्राहक त्याच्यामागे धावतात. म्हणजे ज्या पात्याला आज लष्करी म्हणून भाव येतो, त्याचे सख्खे भाऊ एकेकाळी मळ्यांवर फांद्या तोडत होते, आणि दोन्ही एकाच कारखान्यातून निघाले होते.

उलट प्रवासही तितकाच झाला. युद्ध संपल्यावर उरलेला माल सरकारने विकून टाकला आणि लष्करासाठी बनवलेल्या मॅशेटी शेतांवर, वनविभागांत आणि रस्त्यांच्या कामांवर गेल्या. म्हणून ‘लष्करी’ आणि ‘नागरी’ या दोन बंद पेट्या नाहीत. प्रश्न इतकाच उरतो की हातातले हे एक अवजार कधी तरी सरकारी मालकीचे होते का, आणि त्याचे उत्तर ठशात असते.

ठसा काय सांगतो?

ग्रंथालयाच्या पुस्तकावरचा शिक्का आठवावा. तो पुस्तक कोणाच्या मालकीचे आहे ते सांगतो. ते कोणी वाचले, किंवा मुळात वाचले गेले की नाही, हे सांगत नाही. अवजारावरच्या सरकारी ठशाचेही तसेच आहे.

ब्रिटिश सरकारी मालावर तीन रेषांचा बाण कोरलेला असतो. पक्ष्याच्या पावलाच्या ठशासारखी दिसणारी ही खूण ‘ब्रॉड ॲरो’ म्हणून ओळखली जाते. तिचा वापर शतकानुशतकांचा आहे आणि १८७५ च्या ब्रिटिश सार्वजनिक भांडार कायद्याने तिला संरक्षण दिले. कॅनडाच्या मालावर हाच बाण इंग्रजी ‘सी’ या अक्षराच्या पोटात असतो आणि ऑस्ट्रेलियाच्या मालावर दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये उभा असतो. शेफील्डच्या जे. जे. बील किंवा एस. अँड जे. किचिन यांच्या मॅशेटीवर कारखान्याचे नाव किंवा आद्याक्षरे, वर्ष आणि हा बाण असे तिन्ही एकत्र सापडले तर अर्धे काम झाले असे समजावे. बर्मिंगहॅमच्या मार्टिंडेल कंपनीची खूण मगरीची आहे आणि ती नागरी मालावरही तितकीच आढळते, त्यामुळे नुसती मगर दिसली तर पुढे बाण शोधावा.

एक बारीक खूण अनेकांच्या नजरेतून सुटते. कधी कधी दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असतात. ही दुसऱ्यांदा मारलेली सरकारी खूण नसून, माल सरकारी भांडारातून काढून विकला गेल्याची नोंद आहे. ग्रंथालयाने पुस्तक विकताना त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारावा तसा हा प्रकार आहे. ती खूण वस्तूला कमीपणा आणत नाही, उलट वस्तू कायदेशीर मार्गाने बाहेर आली हे सांगते.

अमेरिकी मालावर ‘यू. एस.’ ही अक्षरे, कारखान्याचे नाव आणि पुष्कळदा वर्ष असते. १९४२ च्या नमुन्याची अठरा इंची मॅशेटी कॉलिन्स, ऑन्टारिओ नाइफ, ट्रू टेंपर अशा अनेक कारखान्यांनी बनवली आणि तिचा आकार युद्धानंतरही फारसा न बदलता चालू राहिला. त्यामुळे ‘१९४२ चा नमुना’ आणि ‘१९४२ साली बनलेली’ या दोन गोष्टी एक नाहीत. विकणाऱ्यांच्या वर्णनात ही गल्लत मला सर्वांत जास्त दिसते. नमुन्याचे वर्ष म्हणजे आराखडा मंजूर झाल्याचे वर्ष, तर पात्यावर ठोकलेले वर्ष म्हणजे ते पाते बनल्याचे वर्ष. एखाद्या इमारतीचा नकाशा कधी मंजूर झाला आणि ती बांधून कधी पूर्ण झाली, यांत जितका फरक असतो तितकाच इथेही असतो.

वर्ष नसेल तर भांडार क्रमांक, म्हणजे सरकारी मालाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेला क्रमांक, कामी येतो. अमेरिकी सरकारचा जुना भांडार क्रमांक अकरा अंकी होता. १९७४ मध्ये तो तेरा अंकी झाला, आणि वाढलेले दोन अंक म्हणजे देशाचा संकेतांक आहे. परदेशी फोन क्रमांकाच्या आधी देशाचा कोड लावावा तसे हे दोन अंक पहिल्या चार अंकांनंतर येतात. ‘००’ आणि ‘०१’ अमेरिकेचे, ‘९९’ ब्रिटनचे आणि ‘६६’ ऑस्ट्रेलियाचे. पहिले चार अंक मालाचा वर्ग सांगतात आणि ‘५११०’ म्हणजे यंत्राशिवाय चालणारी धारदार हातअवजारे. म्हणून म्यानावर किंवा पात्यावर ‘५११०’ ने सुरू होणारा तेरा अंकी क्रमांक असेल, तर ती वस्तू दुसऱ्या महायुद्धातली म्हणून सांगणारा चुकतो आहे किंवा चुकवतो आहे.

कारखान्याच्या नावातूनही काळ कळतो. अमेरिकेतील कुऱ्हाडी आणि ब्रश हुक बनवणारी केली कंपनी १९३० मध्ये अमेरिकन फोर्क अँड हो या कंपनीने विकत घेतली आणि त्या कंपनीने १९४९ मध्ये आपले नाव बदलून ट्रू टेंपर केले. ‘ट्रू टेंपर’ हे मालाचे नाव मात्र त्याआधीपासून वापरात होते, म्हणून पात्यावर फक्त तेवढेच शब्द असतील तर घाई करू नये. सोबत जुन्या कंपनीचे पूर्ण नाव असेल तर ती वस्तू १९४९ च्या आधीची असण्याची शक्यता दाट होते. याच धर्तीवर आयात मालाचेही एक साधन आहे. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले, त्यामुळे त्या बाजारासाठी बनलेल्या पात्यावर देशाचे नाव असेल तर ते बहुधा त्यानंतरचे. कॉलिन्सचा अमेरिकी कारखाना १९६६ मध्ये बंद झाला, पण ते नाव लॅटिन अमेरिकेत बनलेल्या मॅशेटींवर पुढेही दिसत राहिले. म्हणून त्या नावाबरोबर कोणत्या गावाचे किंवा देशाचे नाव आहे, ते वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

ठसा दिसतच नसेल तर?

आधी तो खरोखर नाही याची खात्री करावी. पाते खिडकीजवळ नेऊन डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरावे आणि प्रकाश कडेने पडेल असे हळूहळू फिरवावे. समोरून सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर कडेच्या प्रकाशात अक्षरांच्या सावल्या उठतात. मी हाताळलेल्या एका मॅशेटीवर दिवसभर काहीच दिसत नव्हते. पातळ तेलाचा एक थेंब कापसाने पसरवून टॉर्च जवळजवळ पात्याला टेकवून धरली, तेव्हा मुठीपासून दोन बोटांवर आधी एक वळण, मग मुकुटाची कड आणि शेवटी त्यातून वर आलेला हातोडा धरलेला हात उमटला. ती कॉलिन्सची ‘लेजिटिमस’ खूण होती. घासकागद हातात घेतला असता, तर ती पाच मिनिटांत कायमची गेली असती.

ठसा खरोखरच नसेल तर बांधणी बोलते. पात्याची पाठ डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे पाहावे. जुन्या चांगल्या पात्याची जाडी वेताच्या छडीसारखी टोकाकडे हळूहळू उतरत जाते, कारण तसे पाते हाताला हलके लागते आणि तरीही मुठीजवळ मजबूत राहते. एकसारख्या जाडीच्या पत्र्यातून कापून काढलेले पाते स्वस्त पडते, आणि मुठीपासून टोकापर्यंत एकच जाडी दिसली तर ते बहुधा नंतरचे किंवा हलक्या प्रतीचे असते. हा नियम पक्का नाही, पण सुरुवातीची चाळणी म्हणून तो फार उपयोगी आहे.

पुढे मुठीत शिरणारा पात्याचा भाग पाहावा. त्याला टँग म्हणतात. मॅशेटीत तो बहुधा मुठीच्या पूर्ण रुंदीचा असतो आणि दोन बाजूंना लाकडाच्या, शिंगाच्या किंवा प्लॅस्टिकच्या फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतात, तर अनेक बिलहुकांत तो निमुळता होऊन लाकडी मुठीत आरपार जातो आणि मागच्या टोकाला ठोकून वळवलेला असतो. फळी आणि टँग यांच्यामध्ये फट आहे का, रिव्हेटभोवती नव्या हातोडीचे घाव आहेत का, फळीच्या कडा टँगच्या कडेशी जुळतात का, हे नखाने चाचपून पाहावे. मूठ नंतर बदललेली असेल तर तसे सांगितले पाहिजे. शेतकऱ्याने पन्नास वर्षांपूर्वी स्वतः घडवलेली मूठ हा त्या अवजाराच्या आयुष्याचा भाग आहे आणि मला तरी ती नव्या चकचकीत मुठीपेक्षा जवळची वाटते. पण मूळ मूठ असलेल्या अवजाराइतकी किंमत तिला येत नाही, हेही खरे.

पोलादाला पाणी किती चांगले दिले आहे ते पाहण्यासाठी काही जण धारेवर कानस चालवतात. संग्रहाच्या वस्तूवर हे करू नये. पाते दोन बोटांत मुठीजवळ धरून नखाने टिचकी मारली तर निकोप पाते स्वच्छ वाजते आणि तडा गेलेले किंवा मुठीत सैल झालेले पाते बद्द वाजते. एवढी परीक्षा पुरेशी आहे.

‘यावर सरकारी ठसा आहे, म्हणजे हे युद्धात होते’ असे म्हणता येईल का?

नाही. ग्रंथालयाचा शिक्का पुन्हा आठवावा. युद्धासाठी मागवलेल्या मालातला मोठा भाग भांडारात, प्रशिक्षण तळांवर किंवा बांधकामाच्या तुकड्यांकडे राहिला. एखादे पाते एखाद्या विशिष्ट लढाईत होते असे म्हणायचे असेल तर वापरणाऱ्याचे पत्र, छायाचित्र, नाव घातलेले म्यान असा स्वतंत्र पुरावा लागतो. तोंडी सांगितलेली कथा विकत घेऊ नये, वस्तू विकत घ्यावी. कथा खरी असली तर तिचा कागद कधी ना कधी सापडतो.

नावामुळे तयार झालेली एक दंतकथा इथे सांगायला हवी. अमेरिकी रुग्णसेवा दलाची १९०४ ची रुंद सुरी आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या वैद्यकीय सहायकांना दिलेला बोलो यांच्याबद्दल हमखास सांगितले जाते की जखमींचे हातपाय कापण्यासाठी त्या वापरल्या जात. हे खरे नाही. जखमीला उचलून न्यायचे तर वाट मोकळी करावी लागते, स्ट्रेचरसाठी दांडे तोडावे लागतात, मोडलेल्या हाडाला आधार द्यायला फांद्या लागतात आणि निवारा उभारावा लागतो. वैद्यकीय तुकडीला झुडपे तोडण्याचे अवजार या कामांसाठी दिले जाई. त्या बोलोवर मरीन दलाची आद्याक्षरे असतात आणि शेटिलॉन, ब्रिडेल, क्लाइड किंवा व्हिलेज ब्लॅकस्मिथ यांपैकी एखाद्या उत्पादकाचे नाव असते. मरीन दलाबरोबर जाणारे वैद्यकीय सहायक नौदलाचे असत, म्हणून वापरणारा नौदलाचा आणि ठसा मरीन दलाचा, अशी ही जोडी दिसते. ज्याने जखमींना वाहून नेण्यासाठी वाट केली, त्या अवजाराला कसायाच्या सुरीची कीर्ती चिकटावी याचे वाईट वाटते.

गंज काढून चकचकीत केले तर किंमत वाढणार नाही का?

वाढणार तर नाहीच, ती बहुतेक वेळा घटेल. जुने नाणे चिंचेने घासून लखलखीत केले की नाणेसंग्राहक ते बाजूला सारतो, तसेच हे आहे. सैन्यासाठी बनवलेल्या अनेक पात्यांना चमक टाळण्यासाठी रासायनिक प्रक्रियेने गडद राखाडी थर दिलेला असे. तो थर म्हणजे कारखान्यातून निघालेला मूळ पृष्ठभाग असतो, आणि फिरत्या तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने तो एकदा गेला की परत आणता येत नाही. पुन्हा काळा रंग देणे हा त्यावरचा उपाय होत नाही, कारण खड्ड्यांच्या तळाशीही एकसारखा गेलेला नवा काळा रंग जाणकाराला लगेच ओळखू येतो.

गंजाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांना वेगळी वागणूक हवी. तांबूस, भुसभुशीत आणि बोटाला लागणारा गंज जिवंत असतो; तो हळूहळू पाते खात जातो आणि त्याला थांबवावे लागते. तपकिरी-काळा, घट्ट आणि गुळगुळीत थर मात्र स्थिर असतो, जाणकार त्याला पॅटिना म्हणतात, आणि तो जपायचा असतो. जिवंत गंजावर पातळ तेल लावून काही तास मुरू द्यावे, मग तांब्याचे किंवा पितळेचे गोल कडेचे नाणे हलक्या हाताने, सपाट धरून फिरवावे. पोलादापेक्षा मऊ धातू असल्याने तो गंज उचलतो आणि खालच्या पोलादाला ओरखडा पाडत नाही. नंतर कापसाने पुसून मेणाचा किंवा तेलाचा पातळ हात द्यावा. सुकलेल्या लाकडी मुठीला जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात पुरतात. ठशाच्या आसपासच्या दोन इंचांत याहून जास्त काही करू नये.

ज्याला अवजार वापरायचेच आहे, त्याने मात्र हा नियम स्वतःवर लादून घेऊ नये. सामान्य, ठसा नसलेले, मूठ बदललेले नागरी बिलहुक धार लावून पुन्हा कामाला जुंपणे हा त्याचा उत्तम सन्मान आहे. बंधन आहे ते फक्त क्रमाचे: आधी ओळख, मग कानस.

म्यानाला इतके महत्त्व का?

कारण पाती टिकली आणि म्याने टिकली नाहीत. कापड कुजते, चामडे वाळून तडकते, शिवण उसवते आणि पहिल्याच पावसाळी हंगामात म्यान फेकून दिले जाते. म्हणून पात्याबरोबर त्याचे योग्य म्यान असले की जोडीची किंमत दोन सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा जास्त होते. पण ‘योग्य’ या शब्दावर भर आहे. १९४२ च्या नमुन्याच्या मॅशेटीला युद्धकाळात पट्ट्याला अडकवायच्या दुहेरी तारेच्या आकड्याचे कापडी म्यान मिळत असे. कडक प्लॅस्टिकचे, तोंडाशी धार लावायची पट्टी बसवलेले म्यान नंतरच्या काळातले आहे. युद्धकाळातले पाते नंतरच्या म्यानात असेल तर ती फसवणूक नसते, सैन्यातही म्याने बदलली जात. पण दर ठरवताना दोन्ही भाग वेगळे मोजावेत. अमेरिकेत १९४१ मध्ये आलेल्या वूडमन्स पाल या पाठीवर आकडा असलेल्या अवजाराची सिग्नल कोअर या लष्करी संदेशवहन दलासाठीची आवृत्ती कापडी म्यान, धारेचा दगड आणि सूचनापुस्तिका यांसह मिळत असे. पुस्तिका कागदाची असल्याने तीच सर्वांत आधी गेली आणि आज ती सोबत असली की सौदा बदलतो.

मग आकडा ठरतो कसा?

चार गोष्टी एकमेकींना खेचत असतात: ओळख किती पक्की आहे, वस्तू किती मूळ स्वरूपात आहे, ती किती दुर्मिळ आहे आणि ती हवी असणारे किती आहेत. शेवटच्या दोन गोष्टींची गल्लत होते. एखाद्या खेड्यातल्या लोहाराने घडवलेला बिलहुक जगात एकमेव असू शकतो, तरी तो घेणारा कोणी नसेल तर दुर्मिळता उपयोगाची नाही. उलट १९४२ ची मॅशेटी मोठ्या संख्येने बनली, पण तिच्या काळाबद्दल जिव्हाळा असणारे संग्राहकही मोठ्या संख्येने आहेत, म्हणून ती सहज मिळते आणि सहज विकलीही जाते. वय हा या हिशेबातला सर्वांत दुबळा घटक आहे. १८८० चा साधा ब्रश हुक १९४३ च्या एखाद्या घडीच्या मॅशेटीपेक्षा खूप स्वस्त जातो. इंपीरियल, कॅमिलस आणि कॅटरॉगस यांनी बनवलेल्या त्या घडीच्या मॅशेटी वैमानिकांच्या आणीबाणी संचातल्या होत्या आणि त्यांच्यामागे आजही मागणी आहे.

बाजारभाव पाहताना मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत भेद करावा. कोणीही आपल्या वस्तूवर हवा तो आकडा लिहू शकतो. वर्षभर न विकली गेलेली वस्तू त्या आकड्याची नव्हे, असाच त्याचा अर्थ. लिलावगृहांचे आणि ऑनलाइन बाजारांचे पूर्ण झालेले व्यवहार पाहावेत, त्यांतही तोच नमुना, तोच कारखाना, तशीच अवस्था आणि म्यान आहे की नाही हे जुळवून पाहावे. असे पाच-सहा व्यवहार मिळाले की सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बाजूला ठेवून उरलेल्यांवरून अंदाज बांधावा. दोन माणसांच्या चुरशीने फुगलेली एक बोली म्हणजे बाजारभाव नव्हे.

नकली माल ओळखता येतो का?

क्रमांक १८ सारख्या मागणी असलेल्या नमुन्यांच्या प्रतिकृती पुष्कळ आहेत. काही प्रामाणिकपणे प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात आणि दोन-तीन हात बदलल्यावर ‘मूळ’ होतात. याहून अवघड प्रकार म्हणजे खऱ्या जुन्या नागरी पात्यावर नंतर मारलेला सरकारी ठसा. इथे भिंग घ्यावे. जुना ठसा कारखान्यात, पृष्ठभागाची शेवटची प्रक्रिया होण्याआधी मारलेला असतो, म्हणून अक्षराच्या तळाशी आणि आसपासच्या पृष्ठभागावर थर, गंज आणि झीज एकसारखी दिसते. नंतर मारलेल्या ठशाच्या कडा उचललेल्या आणि धारदार असतात, अक्षराच्या तळाशी धातू उजळ दिसतो, किंवा अक्षर गंजाच्या खड्ड्याला छेदून जाते. आधी खड्डा आणि मग अक्षर असा क्रम दिसला तर तिथेच थांबावे. जखमेवर पपडी धरते, पपडीवर जखम झाली तर ती नवी असते; पात्याचेही तसेच वाचावे.

घेण्याआधी आणि ठेवताना

धारदार पाती बाळगणे, पाठवणे आणि विकणे यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि पात्याची लांबी, विकत घेणाऱ्याचे वय आणि टपालाची पद्धत यांवर ते अवलंबून असतात. म्हणून व्यवहाराआधी पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही ठिकाणचे नियम पाहून घ्यावेत.

ठेवताना एक चूक टाळावी, कारण ती चांगल्या हेतूनेच होते. पाते चामड्याच्या म्यानात घालून, कापडात गुंडाळून, पेटीत बंद करून ठेवले की ते सुरक्षित आहे असे वाटते. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यात मुरलेला ओलावा मात्र पोलादाला आणि पितळेच्या रिव्हेटना खात राहतात, आणि वर्षभराने पाते बाहेर काढले तर रिव्हेटभोवती हिरवी बुरशीसारखी पुटे आणि पात्यावर म्यानाच्या शिवणीची गंजलेली रेघ उमटलेली दिसते. पाते तेलाचा पातळ हात देऊन आडवे, कोरड्या जागी ठेवावे. म्यान त्याच्या शेजारी, आत कोरा कागद भरून, आकार टिकेल असे ठेवावे. दोघांना एकच क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि त्या चिठ्ठीवर वस्तू कोणाकडून, कोणत्या तारखेला आली आणि देणाऱ्याने तिच्याबद्दल काय सांगितले, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.